प्रस्तावना : झिका आणि गर्भवतीचे जाणतेपण

डासांमुळे होणारे रोग हा विषय मराठी वाचकाला नवा नाही. हिवताप आणि हत्तीरोग यांनी आपल्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडले होते; डेंग्यू आणि चिकुनगुन्या यांची नावे तर आज पावसाळा सरता सरता शाळकरी मुलांच्याही तोंडी असतात. परंतु या जुन्या परिचयात एक मोठी उणीव राहून गेली आहे. रोगी म्हटला की तापाने फणफणलेला, अंथरुणाला खिळलेला माणूस आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो; ज्या स्त्रीला ताप आलाच नाही, किंवा आलेला ताप दोन दिवसांत उतरून जी पुन्हा कामाला लागली, तिच्या उदरातील जीवाला त्याच एका दंशाने जन्मभराची इजा होऊ शकते, हा विचार आपल्या मनाला सहसा शिवत नाही. गर्भवती स्त्रियांना अशा विषाणूंविषयी काय ठाऊक असते, काय ठाऊक असावयास हवे, आणि ठाऊक झालेले आचरणात आणण्यासाठी त्यांना कोणाकोणाचे साह्य लागते, हा प्रस्तुत पुस्तिकेचा विषय आहे. आणि तो प्रामुख्याने झिका या विषाणूच्या निमित्ताने मांडला आहे, कारण गर्भिणीच्या अज्ञानाची किंमत किती मोठी असते हे डासांतून पसरणाऱ्या विषाणूंपैकी याच विषाणूने जगाला प्रथम इतक्या व्यापक प्रमाणावर दाखवून दिले.

या विषाणूचा इतिहास थोडक्यात सांगणे अवश्य आहे. युगांडा देशात एंटेबे गावाजवळ झिका नावाचे एक अरण्य आहे. पीतज्वराचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी तेथे उंच झाडावर पिंजऱ्यात ठेवलेल्या एका माकडाच्या रक्तातून 1947 साली हा विषाणू प्रथम वेगळा काढला. पुढील वर्षी तो त्याच अरण्यातील डासांतही सापडला. पुण्यात 1952 साली स्थापन झालेल्या, आणि आज राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्राच्या अगदी आरंभीच्या काळात भारतातील रहिवाशांच्या रक्ताची जी तपासणी झाली, तिचा अहवाल 1954 साली प्रसिद्ध झाला आणि त्यात काही लोकांच्या रक्तात या विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये असल्याची नोंद आहे. डेंग्यूसारख्या सगोत्र विषाणूंची प्रतिद्रव्येही अशा चाचणीत फसवी साक्ष देतात, हे खरे. तरीही हे नाव आपल्या दप्तरात सत्तर वर्षांपासून आहे, आणि आफ्रिकेतून वा अमेरिकेतून काल-परवा आलेला पाहुणा म्हणून त्याच्याकडे पाहणे बरोबर होणार नाही.

शोध लागल्यानंतर साठ वर्षे त्याची कोणी फारशी फिकीर केली नाही. 2007 साली पॅसिफिक महासागरातील याप नावाच्या लहानशा बेटावर साथ आली आणि तेथील सुमारे तीन चतुर्थांश रहिवाशांना संसर्ग झाला. पण अंगावर पुरळ, डोळ्यांना लाली, सांधेदुखी आणि बारीक ताप यांपलीकडे काही घडले नाही. पाच जणांपैकी एकालाच लक्षणे दिसावीत आणि तीही आठवड्याभरात नाहीशी व्हावीत, अशा रोगासाठी कोणते सरकार खजिना मोकळा करील? 2013 साली फ्रेंच पॉलिनेशियात साथ पसरली, तेव्हा काही रोग्यांना स्नायूंची शक्ती हरपणारा ग्वियाँ-बारे हा विकार जडल्याचे दिसले. आणि 2015 च्या उत्तरार्धात, ब्राझीलच्या ईशान्येकडील रेसिफे शहराच्या प्रसूतिगृहांत, नेहमीपेक्षा फारच लहान डोक्याची बालके एकामागून एक जन्माला येऊ लागली.

या ठिकाणी वाचकाने क्षणभर थांबावे, असे मला मनापासून वाटते. त्या बालकांच्या व्यथेचे मूळ शोधताना डॉक्टरांच्या हाती प्रथम जो धागा आला, तो यंत्राने किंवा प्रयोगशाळेने दिलेला नव्हता. तो त्यांच्या मातांनी दिला. मेंदूविकारांच्या तज्ज्ञांनी त्यांना गर्भारपणाचा तपशील विचारला, तेव्हा पहिल्या काही महिन्यांत अंगावर पुरळ येऊन गेल्याची आठवण त्यांच्यापैकी अनेकींनी सांगितली. त्यानंतर कांपिना ग्रांदे या गावी आद्रियाना मेलो या डॉक्टर बाईंनी दोन गर्भवतींच्या गर्भजलाचे नमुने तपासणीस पाठविले आणि त्यांत झिकाचा विषाणू सापडला. ब्राझील सरकारने नोव्हेंबर 2015 मध्ये आरोग्य आणीबाणी पुकारली आणि 1 फेब्रुवारी 2016 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने हे साऱ्या जगावरचे संकट असल्याचे जाहीर केले. 1941 साली ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग या नेत्रवैद्याने जन्मजात मोतीबिंदू असलेल्या अर्भकांचा संबंध आईला गर्भारपणी झालेल्या रुबेलाशी जोडला, तोही मातांच्या आठवणींच्याच आधाराने. दोन्ही वेळा वैद्यकशास्त्राला वाट दाखविणाऱ्या स्त्रिया होत्या, आणि दोन्ही वेळा त्यांना आधी कोणी काही सांगितलेले नव्हते. गर्भवती ही उपदेशाचे पात्र आहे, असे मानून आजवर पुष्कळ लिहिले गेले. ती स्वतःच्या शरीराची पहिली साक्षीदार आहे, हे मानून लिहिलेले फार थोडे आहे.

हा विषाणू वारेचा अडसर ओलांडून गर्भात शिरतो आणि ज्या मूलपेशींपासून मेंदू घडावयाचा त्यांचाच नाश करतो. पहिल्या तिमाहीत धोका सर्वांत अधिक, पण पुढील महिन्यांतही तो संपत नाही. डोके लहान राहणे हे त्याचे दृश्य चिन्ह. त्याखेरीज मेंदूत क्षार साचणे, दृष्टिपटलाला इजा होणे, सांधे आखडलेले असणे, ऐकू कमी येणे असे विकार संभवतात, आणि जन्मतः डोके नेहमीएवढे दिसलेल्या बालकातही काही दोष पुढे प्रकट होतात. तथापि भयाचे पारडे जड होऊ नये म्हणून दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. गर्भारपणी संसर्ग झालेल्या स्त्रियांच्या बालकांपैकी सुमारे 5 ते 15 टक्के बालकांत असे परिणाम आढळतात. म्हणजे बहुसंख्य बालके त्यांतून सुखरूप सुटतात. ब्राझीलच्या प्रमाणावर जन्मदोषांची लाट भारतात उठलेली नाही. म्हणून चाचणीचा निकाल हाती पडताच गर्भाविषयी निराश होणे किंवा घाईने काही ठरविणे हे जितके अनिष्ट, तितकेच ‘काही होत नाही’ म्हणून सोनोग्राफीच्या तारखा चुकविणे अनिष्ट. संसर्ग ठरलेल्या गर्भवतीच्या गर्भाची वाढ ठरावीक अंतराने पाहत राहणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. गंभीर दोष आढळलाच तर 2021 च्या सुधारित गर्भपात कायद्याने वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाची तरतूद केली आहे, हेही स्त्रीला ठाऊक असणे हा तिचा हक्क आहे.

आता डासाकडे वळू. एडिस इजिप्ती हा काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला डास झिका, डेंग्यू आणि चिकुनगुन्या या तिन्ही विषाणूंचा मुख्य वाहक आहे. त्याच्याविषयी आपल्या घराघरांत दोन समजुती फार खोल रुजल्या आहेत, आणि त्या दोन्ही चुकीच्या आहेत. पहिली अशी की डास गटारात होतो, म्हणून ज्या घराचे अंगण झाडून-सारवून लख्ख आहे त्याला भीती नाही. वस्तुस्थिती अशी की एडिसची मादी साठलेल्या स्वच्छ पाण्याजवळ अंडी घालते : झाकण नसलेले पिंप, रांजण, हौद, गच्चीवरची टाकी, फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, कुंडीखालची बशी, परसात पडलेली करवंटी, दुकानामागचा टायर. अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. आणि अंडी पाण्याच्या काठाला चिकटून कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, म्हणून पिंप नुसते रिकामे करून भागत नाही, ते आतून घासावे लागते. ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस’ हा आपल्या आरोग्य खात्याचा आग्रह या जीवनक्रमावरच आधारलेला आहे. दुसरी समजूत अशी की डास रात्री चावतो, म्हणून मच्छरदाणी रात्रीची. एडिस दिवसा चावतो, विशेषतः सकाळच्या पहिल्या प्रहरी आणि संध्याकाळ होण्यापूर्वी; म्हणजे गर्भवती पाणी भरते, धुणी धुते, ओसरीत भाजी निवडते त्याच वेळी. दुपारी घटकाभर पडावयाचे तर तेव्हाही मच्छरदाणी हवी, हात-पाय झाकणारे फिकट रंगाचे कपडे हवेत, आणि उघड्या त्वचेला डास दूर ठेवणारे मलम हवे.

या मलमाविषयी गर्भवतींच्या मनात साहजिकच शंका असते. पोटातल्या बाळाला त्याचा उपद्रव तर होणार नाही ना, असे प्रत्येकीने विचारावे हे योग्यच आहे. थायलंड-ब्रह्मदेश सरहद्दीवर गर्भवती स्त्रियांवरच झालेल्या आणि 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर चाचणीत, चौथ्या महिन्यापासून प्रसूतीपर्यंत डीट हे द्रव्य रोज लावणाऱ्या स्त्रियांच्या बालकांत जन्माच्या वेळी कोणताही दुष्परिणाम आढळला नाही. वेष्टनावरील सूचनेप्रमाणे वापरल्यास ते गर्भारपणी निर्धोक मानले जाते. उलट बंद खोलीत रात्रभर उदबत्तीसारखी जळणारी डासाची वडी आणि तिचा धूर हे कोणाच्याच श्वासाला हितकर नाहीत.

परंतु झिकाच्या बाबतीत डासापुरतेच बोलून थांबणे ही वाचकाची फसवणूक होईल. हा विषाणू पुरुषाच्या वीर्यात कित्येक आठवडे टिकून राहतो आणि पतीकडून पत्नीकडे संक्रमित होतो. म्हणून साथ असलेल्या प्रदेशात राहणाऱ्या, किंवा तेथून परतलेल्या पुरुषाने पत्नी गर्भवती असताना प्रसूतीपर्यंत निरोध वापरावा अथवा संयम पाळावा, आणि अपत्याचा विचार करणाऱ्या जोडप्यातील पुरुषाने अशा प्रवासानंतर तीन महिने हीच दक्षता घ्यावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. ही गोष्ट आपल्याकडे भित्तिपत्रकावर छापण्यास लोक बिचकतात आणि सभेत बोलण्यास त्याहून अधिक. परिणामी स्त्रीला अर्धेच ज्ञान मिळते. ती पिंपे घासते, अंगभर कपडे घालते, आणि ज्या दुसऱ्या वाटेने संसर्ग येऊ शकतो तिची तिला वार्ताही नसते. संकोचाने राखलेले मौन गर्भाचे रक्षण करीत नाही. या पुस्तिकेत हा भाग सरळ आणि सभ्य शब्दांत आला आहे. तो पतीने वाचावा, एवढेच नव्हे तर पतीनेच आधी वाचावा.

ज्ञान आणि आचरण यांत किती अंतर पडते, हे पोर्तो रिकोच्या अनुभवावरून कळते. साथीच्या ऐन भरात, 2016 मध्ये, तेथे नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांची पाहणी झाली. गर्भारपणी डासांपासून बचावाचा एखादा तरी उपाय केला नाही अशी स्त्री त्यांत क्वचितच होती. परंतु मलम दररोज लावणाऱ्या निम्म्याहून कमी भरल्या, आणि अंगभर कपडे रोज घालणाऱ्या तर फारच थोड्या. या स्त्रिया अडाणी नव्हत्या की बेफिकीरही नव्हत्या. नऊ महिने, दिवसातून अनेकदा, उन्हाळ्याच्या उकाड्यात, खर्च सोसून एखादी गोष्ट न चुकता करीत राहणे हे मनुष्यस्वभावाला किती अवघड आहे, याचा तो पुरावा आहे. ब्राझीलमध्ये तर प्रश्न आणखी खोल होता. ज्या वस्त्यांत नळाला पाणी एक दिवसाआड किंवा त्याहून विलंबाने येई, तेथे पाणी साठविल्यावाचून संसार चालणे शक्य नव्हते. ते साठवावयाचे, झाकावयाचे आणि घासावयाचे काम स्त्रियांच्या वाट्याला, आणि डास झाला तर दोषही त्यांच्याच माथी, असे तेथील परिस्थितीचा अभ्यास करणाऱ्या ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने 2017 च्या अहवालात नमूद केले. एल साल्वादोर सरकारने जानेवारी 2016 मध्ये स्त्रियांना 2018 पर्यंत गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला. गर्भधारणेचा निर्णय जेथे पुष्कळदा स्त्रीच्या हाती नसतो आणि जेथे गर्भपात सर्वस्वी निषिद्ध आहे, तेथे असला सल्ला देणे म्हणजे शासनाने आपला भार तिच्या खांद्यावर टाकून मोकळे होणे होय.

ही चित्रे परदेशाची असली तरी त्यांतील पिंपे आपल्या ओळखीची आहेत. मराठवाड्यातील कित्येक गावांत नळाला आठवड्याने पाणी येते, आणि अर्धा उन्हाळा टँकरच्या वाटेकडे डोळे लावून सरतो. कोपीत राहणारी ऊसतोड कामगार स्त्री पत्र्याच्या पिंपात पाणी भरून पहाटे फडावर जाते. तिला ‘कोरडा दिवस पाळा’ असे सांगणे सोपे आहे, पण तिला रोज पाणी मिळेल अशी तजवीज करणे हे सांगणाऱ्याचे काम आहे. आणि रोग आपल्या उंबरठ्याबाहेर आहे असेही आता म्हणता येत नाही. 2021 च्या जुलैत केरळात झिकाचा जो पहिला रुग्ण नोंदला गेला, ती एक गर्भवती स्त्री होती. त्याच महिन्याच्या अखेरीस महाराष्ट्रातील पहिली रुग्ण पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी सापडली. 2024 च्या जूनमध्ये पुण्याच्या एरंडवणे भागातून साथीला आरंभ झाला आणि पुढील काही महिन्यांत शहरातील रुग्णांची संख्या शंभराच्या पुढे गेली. गर्भवतींची तपासणी आवर्जून केल्यामुळे त्यांत त्यांचा भरणा मोठा होता. केंद्र सरकारने जुलैच्या आरंभी साऱ्या राज्यांना पत्र पाठवून बाधित गर्भवतींच्या गर्भाच्या वाढीवर लक्ष ठेवण्याविषयी आणि इस्पितळांची आवारे डासमुक्त राखण्यासाठी जबाबदार अधिकारी नेमण्याविषयी फर्माविले. हुकूम योग्य होता. अशा हुकुमाचा अंमल साथ ओसरल्यावरही चालू राहतो की नाही, यावर पुढच्या पावसाळ्याचे भवितव्य अवलंबून असते.

झिकाच्या नावाने डेंग्यू आणि चिकुनगुन्या यांचा विसर पडता कामा नये. डेंग्यूत गर्भवतीला रक्तस्राव, अकाली प्रसूती यांचा धोका वाढतो; चिकुनगुन्या प्रसूतीच्या सुमारास झाल्यास बालकाला जन्मतानाच संसर्ग होऊन त्याच्या मेंदूला इजा पोचू शकते. आपल्या राज्याला चिकुनगुन्याची ओळख 1973 च्या बार्शीच्या साथीपासून आहे. म्हणून गर्भारपणी ताप, पुरळ, डोळ्यांची लाली, सांधेदुखी यांपैकी काहीही झाले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे, पंधरा दिवसांनी नव्हे. कारण विषाणू थेट ओळखणारी चाचणी लवकर केली तरच उपयोगी पडते. डेंग्यू नाही असे ठरेपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या घेऊ नयेत. तापाला पॅरासिटॅमॉल, तेही विचारून घ्यावे. झिकावर आज लसही नाही आणि खास औषधही नाही. प्रतिबंध हाच त्यावरचा इलाज आहे. बाळ झाल्यावर अंगावर पाजणे मात्र थांबवू नये.

हे ज्ञान द्यावयाचे कोणी आणि केव्हा, याचाही विचार झाला पाहिजे. गर्भधारणा झाल्याचे घरात बोलले जाते तेव्हा बहुधा दोन-तीन महिने उलटून गेलेले असतात, आणि नेमका तोच काळ सर्वांत नाजूक; म्हणून ही माहिती नवविवाहितांपासून सुरू झाली पाहिजे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होऊन लेक माहेरी निघते, तेव्हा साडी-चोळीबरोबर तिचे माता व बाल संरक्षण कार्ड आणि सर्व चाचण्यांचे कागद जावेत, आणि कोणत्या गावी साथ आहे याची चौकशी प्रवासापूर्वी व्हावी. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली जी तपासणी होते, तेथे रक्तदाब आणि वजन यांच्या नोंदीबरोबर ‘ताप आला होता का, पुरळ उठले होते का, घरात पाणी कशात साठविता’ असे प्रश्न विचारण्यास पैसा लागत नाही. आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका घरोघरी जातात. त्यांनी सासूबाईंना आणि घरधन्याला शेजारी बसवून बोलावे, कारण पिंपाला झाकण कोणी आणावयाचे आणि मलमाला पैसे कोणी द्यावयाचे, हे ठरविणारी माणसे तीच असतात.

आणि गावाचे काय? एडिस बहुधा शे-दोनशे पावलांपलीकडे उडत नाही. याचा अर्थ एका घरच्या गर्भवतीला चावणारा डास शेजारच्या गच्चीवर किंवा समोरच्या बांधकामाच्या खड्ड्यात जन्मलेला असू शकतो. धूरफवारणी उडणारे डास मारते, अळ्यांना तिची झळ लागत नाही. तिचा धूर पाहून निश्चिंत होणे घातक आहे. गप्पी मासे सोडणे, टाक्या तपासणे, बांधकामांवर देखरेख ठेवणे ही नगरपालिकेची आणि ग्रामपंचायतीची नित्याची कामे आहेत. ती होऊ शकतात, याला इतिहासाची साक्ष आहे : ज्या ब्राझीलने 2015 चा आकांत पाहिला, त्याच ब्राझीलने दशकानुदशके घरोघरच्या तपासणीचा कडक बंदोबस्त राखून 1958 साली आपला देश एडिस इजिप्तीपासून मुक्त केला होता. पुढे पहारा ढिला पडला आणि डास परतला.

या साऱ्या विवेचनाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर असे : गर्भवतीला संपूर्ण ज्ञान द्या, पण संरक्षणाचे ओझे तिच्या एकटीवर टाकू नका. वाचक गर्भवती असेल तर तिने ही पुस्तिका वाचून आपल्या शंका निःसंकोच विचाराव्यात आणि तापाची, पुरळाची तारीख लिहून ठेवावी. वाचक पती असेल तर त्याने आज संध्याकाळीच घरातील पाण्याची भांडी रिकामी करून स्वतःच्या हाताने घासावीत. आणि वाचक सरपंच, नगरसेवक किंवा आरोग्याधिकारी असेल तर त्याने आपल्या हद्दीत नळाला पाणी किती दिवसांनी येते, या प्रश्नाचे उत्तर प्रथम द्यावे, आणि मगच स्त्रियांना स्वच्छतेचा उपदेश करावा.